वीतभर भिंत

मी एक जुनी भिंत आहे. जुनी म्हणजे पडकी नव्हे हो, आणि भिंत म्हटल्यावर तुम्ही मान वर करून बघाल एवढी उंचही नव्हे. उंचीला एक वीत आणि रुंदीला त्याहून चार बोटं जास्त. एका स्वयंपाकघराच्या छोट्या प्रतिकृतीत मी डाव्या अंगाला उभी असते. खरं स्वयंपाकघर माझ्या बारापट मोठं होतं आणि आता ते राहिलेलं नाही. माझ्यावर पेन्सिलीने बारीक बारीक काहीबाही लिहिलेलं आहे. मित्रांनो, ते कुणी लिहिलं आणि का लिहिलं हेच मला सांगायचं आहे. पण क्रमाने सांगणं मला जमत नाही. मला धीर म्हणून नाही. भिंतीने कसं असावं, तर गप्प आणि स्थिर. माझ्याकडे या दोन्ही गोष्टींचा ठणठणाट आहे. म्हणून मीच स्वतःला बजावते, बाई गं, पहिल्यापासून सांग.

पहिल्यापासून सांगायचं तर मी थर्माकोल. कपडे धुण्याच्या एका मशीनच्या खोक्यात, चार बाजूंना आम्ही चार भावंडं दाबून बसवलेली होतो. आमचं काम एकच होतं. धक्के आपण खायचे आणि मशीनला लागू द्यायचे नाहीत. ट्रकमध्ये हादरे, गोदामात आदळआपट, आणि तिसऱ्या मजल्याच्या जिन्याबद्दल तर विचारूच नका. माझा अस्वस्थ स्वभाव तिथलाच आहे. मशीन घरात पोहोचलं तेव्हा सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं, झाकण उघडून पाहिलं, बटणं दाबून पाहिली. आम्हाला माळ्यावर फेकलं. ज्याच्यामुळे काही फुटलं नाही त्याला कोण शाबासकी देतंय?

माळ्यावर मी चार वर्षं काढली. माझी तीन भावंडं एकेक करून कचऱ्यात गेली. मी राहिले, कारण त्या घरातल्या बाईला काही म्हणता काही टाकवत नसे. तुटलेली कात्री ठेवायची, रिकामी डबी ठेवायची. "असू दे, कधीतरी लागेल," हे तिचं ठरलेलं वाक्य. तिला माहेरी बारकी म्हणत. आता ती पन्नाशीला आली होती, अंगानेही बारीक राहिली नव्हती, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

बारकी कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर माणसाच्या जबड्याचा ठसा घेत आणि तिच्याकडे पाठवून देत. ती त्यात पिवळसर प्लास्टर ओतून साचा काढी, साच्यावर दात बसवी, घासूनपुसून कवळी तयार करून परत पाठवी. कुणाचा जबडा, कुणाचे दात, तिला ठाऊक नसे. डबीवर फक्त आकडा आणि कवळी बसवायची तारीख असे. पण गावात तिच्या हाताचं नाव होतं. तिची कवळी हिरडीला खुपली, अशी तक्रार घेऊन वीस वर्षांत कुणी आलं नव्हतं. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिचा नवरा गाडी शिकवायचा. शिकणारा शेजारी बसून गाडी हाकणार आणि याच्या पायाखाली जादा ब्रेक, असा त्याचा दिवस जायचा. त्यामुळे घरातही कुणी घाई करू लागलं की त्याचा पाय आपोआप फरशीवर दाबला जाई. आणि बारकी नेहमी घाईतच असायची. दोघांची जोडी बरी जमली होती म्हणायची.

एका सोमवारी बारकीकडे एक ठसा आला. तिने प्लास्टर ओतलं, घट्ट होऊ दिलं, साचा काढून उजेडात धरला आणि तशीच उभी राहिली. वरचे तीन दात गेलेले होते. खालचा एक पुढचा दात वाकडा होऊन शेजारच्यावर रेललेला होता. तो दात तिने ओळखला. तिच्याच हातच्या झोक्याने थोरली बहीण झोपाळ्यावरून तोंडावर आपटली होती, तेव्हापासून तो वाकडा होता.

"ताईचे दात पडायला लागले," ती नवऱ्याला म्हणाली.

नऊ वर्षं या दोन बहिणी एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण ऐकाल तर म्हणाल, एवढ्यावरून? कारण होती एक भिंत. त्यांच्या आईला भिंतीवर लिहायची सवय होती. वही शोधायला वेळ कुणाला आहे, असं म्हणून ती स्वयंपाकघराच्या डाव्या भिंतीवर पेन्सिलीने सगळं टिपून ठेवायची. सिलिंडर कधी लावला, कुणाला किती ताप होता, शेजारणीचा फोन नंबर. तीस-पस्तीस वर्षांचा संसार त्या भिंतीवर होता. आई गेली आणि महिन्याभरात बारकीने ती भिंत रंगवून घेतली. थोरली उरलेलं सामान आवरायला आली, स्वयंपाकघरात शिरली, कोरी भिंत बघितली आणि पाण्याचा घोटही न घेता परत फिरली. त्यानंतर फोन नाही, निरोप नाही. पुढे ते घर विकलं गेलं, पाडलंही गेलं.

त्या सोमवारी साचा ओट्यावर ठेवून बारकी स्टूल घेऊन माळ्यावर चढली. मला खाली ओढलं, माझ्यावरची धूळ फुंकली आणि फूटपट्टी लावली. मित्रांनो, चार वर्षांनी मला माणसाचा हात लागला. मी इतकी हुरळले की कापताना कण न् कण उडाला आणि तिच्या केसांत जाऊन बसला.

"हे काय काढलंयस?" नवऱ्याने विचारलं.

"आईचं स्वयंपाकघर करतेय. छोटं. ताईसाठी."

"आणि देणार कसं?"

"आधी होऊ तर दे."

कवळी द्यायला बारा दिवस होते, म्हणजे माझ्याकडेही बारा दिवस होते. ओटा, फळी, स्टूल, खिडकी हे सगळं तिने चार दिवसांत उरकलं. पत्र्याच्या बारीक तुकड्यातून दाराची कडीसुद्धा केली, खरोखर सरकणारी. हात कसबी होता, त्याला काही शिकवावं लागत नव्हतं. मग माझी पाळी आली. मला तिने कवळीच्या प्लास्टरचा पातळ थर दिला, वाळवलं आणि पॉलिश पेपरने घासलं. घासताना काय गुदगुल्या होतात ते सांगता येणार नाही.

प्लास्टर वाळलं की लगेच रंग लावायचा नसतो. कोरडं प्लास्टर रंग पिऊन टाकतं, डाग डाग पडतात. आधी प्रायमर लावायचं असतं. प्रायमर दिसायला साधं, पांढरंफटक, पण काम मोठं आहे त्याचं. ते खालचं वर येऊ देत नाही आणि वरचं गळून पडू देत नाही. थर्माकोलच्या भिंतीला पाण्यातलं प्रायमर ब्रशने लावतात, एक हात आडवा, तो वाळला की दुसरा उभा. बारकीला हे पाठ होतं. पण डबा उघडून बघते तो प्रायमर आटून त्याचा दगड झालेला. दुकानात जायचं तर संध्याकाळपर्यंत थांबावं लागणार होतं, आणि थांबणं तिच्या पत्रिकेत नव्हतं.

नवऱ्याच्या फडताळात फवाऱ्याचा एक डबा होता. शिकाऊ मंडळी आठवड्याला एकदा तरी गाडी कुठे ना कुठे घासायची, त्या ओरखड्यांवर मारायला त्याने तो ठेवला होता. बारकीने तो खळखळ हलवला.

"अगं, ते गाडीच्या पत्र्याचं आहे," नवरा म्हणाला.

"प्रायमर ते प्रायमर."

"अति घाई संकटात नेई. मी रोज चार जणांना हे पढवतो."

"ते तुमच्या गाडीत."

त्याचा पाय फरशीवर दाबला गेला, पण या गाडीला ब्रेक नव्हता. तिने फवारा मारला. पहिल्यांदा थंडगार वाटलं. मग जिथे प्लास्टर पातळ राहिलं होतं, तिथून काहीतरी आत झिरपलं आणि माझ्या पोटात आग पडली. गाडीच्या प्रायमरमधलं द्रव्य थर्माकोल खातं, मित्रांनो. अक्षरशः खातं. मी आतून चरचरत विरघळत गेले. खाली, डाव्या कोपऱ्याशी, दाराजवळ, माझी सगळी जागा खचून रुपयाएवढा खड्डा पडला. बारकी डबा हातात धरून नुसती बघत राहिली.

नवऱ्याने "मी सांगत होतो" असं म्हटलं नाही. तो गुपचूप चपला घालून बाहेर गेला आणि पाण्यातलं प्रायमर घेऊन आला. बारकीने माझा खड्डा कोरून साफ केला, किडलेला दात कोरतात तसा, आणि त्यात प्लास्टर भरलं. तेवढी जागा माझ्या बाकीच्या अंगाहून टणक झाली. पुढच्या दोन दिवसांत प्रायमरचे दोन्ही हात नीट रीतीने झाले. आडवा वाळेपर्यंत तिने उभ्याला हात लावला नाही. त्या वेळात तीनदा चहा टाकला आणि तीनदा प्यायची विसरली, एवढं मात्र झालं.

खरी पीडा त्यानंतर सुरू झाली. रंग. आईची भिंत हिरवट होती, अगदी फिकट, एवढं बारकीला पक्कं आठवत होतं. तिने हिरव्यात पांढरा घातला आणि मला लावला. वाळल्यावर लांब जाऊन बघितलं. "इस्पितळ वाटतंय," म्हणाली आणि खरवडून काढलं. मग त्यात चिमूटभर पिवळा घातला. "हा तर पोपट झाला." पुन्हा खरवडलं. तिसऱ्यांदा राखाडी घालून पाहिलं, तर शेवाळ आल्यासारखी दिसू लागले. रंग चढायचा, मला वाटायचं झालं बाई एकदाचं, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा पॉलिश पेपर. माझ्या जिवाची नुसती घालमेल चालली होती. तिच्या जिवाची त्याहून जास्त असावी. मला ती घाशीत होती, तिला कोण घाशीत होतं कुणास ठाऊक.

मला खरवडताना ती स्वतःशी बोलायची. भिंतीला कान असतात हे सगळ्यांना माहीत असतं, तरी भिंतीपाशीच बोलतात. आईने लिहिलेलं आठवायचा ती प्रयत्न करीत होती. "सिलिंडर लावला, तारीख चार. बारकीचे बूट, तीन नंबर. लाइटवाला उद्या येतो म्हणाला." आणि पुढे तिची गाडी अडायची. पस्तीस वर्षांच्या लिखाणातल्या तीन ओळी. रोज डोळ्यांसमोर होतं म्हणून तिने ते कधी नीट वाचलंच नव्हतं.

इकडे कवळी तयार झाली. गुलाबी हिरडी, तीन दात, आरशासारखी गुळगुळीत. बारकीने ती डबीत ठेवली आणि एक चिठ्ठी लिहिली. तीनदा फाडून चौथ्यांदा जी टिकली ती अशी होती: "नीट बसली नाही किंवा खुपली तर डॉक्टरांकडे हेलपाटा घालू नये. थेट घरी यावे. घासून देईन. बारकी." चिठ्ठी घडी करून तिने डबीच्या तळाशी सरकवली.

"ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं," नवरा म्हणाला. "सरळ फोन कर ना."

"तिने उचलला नाही तर?"

"आणि कवळी बसली तर? तुझी कवळी कधी खुपलीय कुणाला?"

तिचा हात चांगला होता हीच आता तिची अडचण झाली होती.

"थोडीशी खुपती ठेव मग," तो हळूच म्हणाला. "एक टोक. केसाएवढं."

"ताईच्या हिरडीला? काहीतरीच काय."

तिने डबी बंद केली आणि पाठवून दिली. शुक्रवारी डॉक्टरांनी थोरलीला बोलावलं होतं. शुक्रवारचा दिवस बारकीने कसा काढला ते मी पाहिलंय. खिडकीशी जायची, परत यायची, मला उचलायची, पुन्हा ठेवायची. रंगाचा ब्रश हातात घेतला पण बुडवला नाही. मी पांढरी ती पांढरीच राहिले. फोन वाजला तो नवऱ्याच्या एका शिकाऊ मुलीचा, तिला मागे घेताना आरसा कुठला बघायचा ते विचारायचं होतं.

शनिवारी सकाळी दहाला बेल वाजली. नवऱ्याने दार उघडलं. बाहेर एक उंच, पिकल्या केसांची बाई एका हातात कवळीची डबी आणि दुसऱ्या हाताने तोंडापुढे रुमाल धरून उभी होती.

"या ताई," तो म्हणाला, आणि त्याचा पाय फरशीवर घट्ट दाबला गेला.

"बसायला आले नाहीये मी," थोरली रुमालाआडून म्हणाली. "खुपतेय. तेवढी घासून दे म्हणावं तिला, मी निघते."

बारकी आतून आली. दोघी नऊ वर्षांनी समोरासमोर आल्या आणि दोघींनीही डबीकडे बघितलं. बारकीने कवळी हातात घेतली, उजेडाशी नेली आणि कडेकडेने बोट फिरवलं. मी तिच्या कोपरापाशीच होते. ज्या बोटाला केसाएवढा खडबडीतपणा कळतो ते बोट एकदा फिरलं, दोनदा फिरलं, तिसऱ्यांदा फिरलं. खुपण्यासारखं काहीच नव्हतं.

"हो, खुपतेय खरी," बारकी म्हणाली. "बस, दहा मिनिटं लागतील."

तिने घासायचं यंत्र चालू केलं आणि कवळीपासून दोन बोटं लांब, नुसतं हवेत धरून ठेवलं. ते घूं घूं करीत राहिलं. थोरलीची नजर तेवढ्यात टेबलावर गेली. ती उठून आमच्यापाशी आली, चष्मा सावरून वाकली. ओटा पाहिला, फळी पाहिली, दारामागचं स्टूल पाहिलं, एका बोटाने कडी सरकवून पाहिली. मित्रांनो, माझ्या अंगावर तेव्हा एक कपडाही नव्हता, म्हणजे रंगाचा हो, नुसतं प्रायमर. पाहुण्यांसमोर असं उभं राहायची काय ती वेळ.

"रंग नाही दिला?"

"जमेना. तीनदा हिरवा लावला, तीनदा काढला. आईची भिंत होती तसा येतच नाही."

"आईची भिंत हिरवी नव्हतीच."

"ताई, मी रोज तिथे जेवले आहे."

"मग मी काय उपाशी होते? दुधी रंग होता, साधा. खिडकीबाहेर हिरवी ताडपत्री बांधलेली होती, तिचा उजेड पडायचा भिंतीवर." थोरलीने छोट्या ओट्याखाली बोट दाखवलं. "तू टोपलीत निजायचीस ओट्याखाली. उन्हाची तिरीप थेट तुझ्या डोळ्यांवर यायची. आईला वेळ नव्हता, म्हणून मीच स्टुलावर चढून बांधली ती. दहा वर्षांची होते. पुढे कुणी सोडलीच नाही."

यंत्राची घूं घूं थांबली. बारकीने तीन दिवस डब्यांत शोधलेला रंग डब्यात नव्हताच. तिला ऊन लागू नये म्हणून कुणीतरी तो खिडकीत बांधून ठेवला होता.

"आणि हिच्यावरचं?" थोरलीने माझ्याकडे बोट केलं. "ते कुठाय?"

आता आली का पंचाईत. बारकीने कवळी डबीत ठेवली. हात कोरडेच होते तरी पदराला पुसले.

"रंगाऱ्याने विचारलं होतं मला," ती म्हणाली. "बाई, एवढं लिहिलंय, उतरवून घ्यायचंय का, फोटो काढायचाय का, मी थांबतो. दोन दिवस थांबतो म्हणाला. मी म्हटलं नको. प्रायमरचे दोन हात मारा, अजिबात वर येता कामा नये. चहाचं आधण ठेवायला गेलं की समोर तिचं अक्षर. मला चहासुद्धा करता येईना ताई. मला वाटलं, पुसलं की थांबेल."

"थांबलं?"

"नाही."

थोरलीने छोटं स्टूल बोटाने जागेवर सरकवलं. मग म्हणाली, "मला वाटत होतं, घर विकायला चकचकीत करून ठेवलंस."

"मला कळलं होतं तुला तसं वाटलंय ते. पण रंगाऱ्याने विचारलं होतं हे सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा तू रागावलेली बरी, असं वाटलं."

"एकदा मला विचारायचंस बारके. तुझी एकटीची नव्हती ती भिंत."

"हो. चुकलं माझं."

थोरलीने डबीतून कवळी उचलली, पाठ करून तोंडात बसवली, रुमाल घडी करून पिशवीत टाकला आणि दाराकडे चालू लागली. झालं, संपलं, असं मला वाटलं. मला पाय असते तर मी आडवी गेले असते. नवऱ्याचा पाय फरशीवर होता, पण ही गाडी दुसऱ्याच माणसाची. चपलेत एक पाय घालून थोरली थांबली.

"तो दुधी लाव आधी," ती वळून न बघताच म्हणाली. "पातळ लाव, पेन्सिल उठली पाहिजे. वाळायला किती वेळ?"

"पाऊण तास."

"मग चहा टाक. आणि पेन्सिलीला टोक काढ चांगलं."

पाऊण तास म्हणजे किती लांब असतो हे ओल्या रंगाखाली उभं राहिल्याशिवाय कळत नाही. दोघी बहिणी माझ्या दोन बाजूंना चहा घेऊन बसल्या आणि मध्ये मी. थोरलीने निरखून पाहिलं आणि एका कोपऱ्यात जरा जाड झालंय म्हणून सांगितलं. बारकीने चक्क ऐकलं. नवऱ्याने कुठल्याशा वेष्टनाचा हिरवा पारदर्शक कागद शोधून आणला आणि छोट्या खिडकीला बाहेरून लावला. टेबलावरचा दिवा खिडकीमागे धरला, तशी मी हिरवट झाले. अगदी फिकट. बारकी "हाच" एवढंच म्हणाली.

थोरलीने तीस वर्षं औषधांच्या दुकानात काम केलं होतं. पुडीवर "जेवणानंतर एक" असं मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहून लिहून तिचा हात बसलेला होता. बारकीने आपलं कामाचं भिंग तिच्यापुढे ओढलं. थोरली लिहू लागली. तिला बहुतेक सगळं पाठ होतं, कुठली ओळ कुठे, कुठली तिरकी, कुठली खोडलेली. अक्षरही आईच्या वळणाचं काढत होती. 'लाइटवाला उद्या येतो म्हणाला' याच्या खाली तिने लिहिलं, 'आजही उद्याच म्हणाला'. बारकी हसली. ही ओळ ती साफ विसरली होती. 'थोरलीचा ताप उतरला.' 'बारकी आज एकटी शाळेत गेली, रडली नाही. मी रडले.' हसता हसता बारकीने नाक पुसलं.

पेन्सिलीचं टोक अंगावरून फिरतं तेव्हा कसं वाटतं सांगू? आयुष्यात पहिल्यांदा मी स्वस्थ उभी होते. श्वाससुद्धा बेताने घेत होते, भिंत घेते तेवढा.

शेवटी थोरली खूप खाली वाकली. दाराजवळ, स्टुलामागे, जिथे माझा खड्डा भरला होता तिथे, तिने एक ओळ लिहिली आणि पेन्सिल खाली ठेवली. बारकीने भिंग ओढून वाचलं.

'थोरली येणार आहे. रात्री कडी लावू नये.'

"हे कधीचं?"

"शेवटच्या आठवड्यातलं. हात वर जात नव्हता तिचा, म्हणून एवढं खाली. मला दुकानातून सुट्टी मिळाली नाही, मी दोन दिवस उशिरा पोहोचले. तोवर ती गेली होती. आवरताना स्टूल हलवलं तेव्हा दिसलं मला. एवढं एकदा पुन्हा बघायचं म्हणून आले होते पुढच्या महिन्यात. तर भिंत कोरी."

बारकीने भिंग बाजूला सारलं. "तेव्हा तिच्यापाशी मीच राहत होते, रात्री मी कडी लावायचे," ती म्हणाली. "सकाळी उघडी असायची. रोज. मला वाटायचं आई विसरते. मी रागवायचे तिला. ती उठून उघडत होती ताई. चालवत नव्हतं, तरी उठून उघडत होती."

थोरलीने हात लांब करून बारकीचं मनगट धरलं. दोघी रडल्या, आणि बऱ्याच वेळाने थोरली म्हणाली, "कवळी छान बसलीय गं." मग बारकीने दात बसवायचा बारीक चिमटा घेतला, माझ्या शेजारच्या दाराची पत्र्याची कडी हळूच मागे सारली आणि दार बोटभर उघडं करून ठेवलं.

मित्रांनो, रंगकाम झालं की शेवटी भिंतीवर चकाकीचा एक हात देतात. त्याने काम पक्कं होतं, पुसलं तरी जात नाही. माझ्यावर तो दिला नाही. थोरली म्हणाली, अजून एखादी ओळ आठवली तर? तशा तिला नंतर चौदा आठवल्या. आता मी तिच्या घरी बुटक्या कपाटावर असते आणि बारकी दर शनिवारी पेन्सिलीला टोक काढायला येते. लोक मला बघायला येतात, वाकून वाचतात, वाहवा करतात. मी अजून अस्वस्थच आहे. कच्चं काम आहे माझं, एका ओल्या बोटाने पुसलं जाईल.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, म्हणजे असते तर जोडले असते. कुठलीही भिंत रंगवायला काढाल तेव्हा रंगारी विचारो न विचारो, आधी ती वाचून घ्या. खाली, स्टुलामागेही बघा. ज्याची ती भिंत आहे त्या सगळ्यांना विचारा. आणि माझ्याकडे आलात तर धूळ कोरड्या ब्रशने झटका, ओलं फडकं लावू नका. वाऱ्याने शेजारचं दार लोटलं गेलं असेल, तर नखाने पुन्हा बोटभर उघडं करा. कडी लावू नका.